बदामी

"रडायचं असेल तर जिन्यात जाऊन रडून या. पोरीसमोर नको. आई घाबरट असली की मूल लवकर हुशार होतं, आणि ते काही चांगलं नसतं," असं चैताली मॅडम म्हणाल्या होत्या, वापरलेल्या सुया डब्यात टाकत, मान वर न करता. आम्रपालीनं ते बोलणं त्याच दिवशी क्लिनिकच्या पायऱ्यांवर सोडून दिलं होतं. मूल हुशार झालं तर त्यात वाईट ते काय, असं तिला वाटलं होतं. आणि बाईंना स्वतःचं मूल नसावं, असंही. पुण्यात दुधाच्या पिशवीपासून डॉक्टरांच्या चिठ्ठीपर्यंत प्रत्येक गोष्टीबरोबर एक टोमणा फुकट मिळतो; तो घ्यायचा, पिशवीत टाकायचा आणि चालू लागायचं. चैताली मॅडमचं कामच ते होतं. ज्या मुलांच्या अंगात इन्सुलिन तयार होणं बंद पडलंय, त्यांच्या आईबापांना घरी काय काय करायचं ते शिकवायचं. डोस कसा द्यायचा, साखर कशी बघायची, आणि ताप आला, उलटी झाली, तर कीटोन कसे मोजायचे. इन्सुलिन कमी पडलं की शरीर साखर सोडून चरबी जाळायला लागतं आणि त्या जळण्याचा आंबट धूर रक्तात साठत जातो, असं त्या म्हणाल्या होत्या. धूर हा शब्द त्यांचा. आम्रपाली केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली, ती त्या धुराच्या रेणूची आकृती काढून दाखवू शकली असती. तिला जमणार नव्हतं ते एवढंच, की तो मोजायला पोरीच्या बोटातून रक्ताचा थेंब काढायचा. "लघवीच्या पट्टीनं चालत नाही का?" तिनं विचारलं होतं. "चालतं की," मॅडम म्हणाल्या होत्या. "बैलगाडीही चालते. पट्टी मघाचं सांगते, रक्त आत्ताचं सांगतं. तुम्हाला कधीचं हवंय ते बघा."

आता डिसेंबरातली दुपार होती, ऊन असून गार. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये या वेळेला एक विचित्र शांतता असते. पुरुष सगळे गेटच्या आत, शाळा सुटायची असलेली, आणि दोरीवरचे कपडे वाळूनही कुणी काढलेले नसतात. पहिलीतली मैना दोन दिवस तापानं घरी होती. तिच्या दंडावर चिकटवलेलं नाण्याएवढं बटण आम्रपालीच्या फोनला तिची साखर कळवत होतं आणि सकाळपासून आकड्याशेजारचा बाण वर तोंड करून बसला होता. आम्रपालीनं ठरवून दिलेला जादा डोस दिला होता. तो पेन तिला जमायचा, कारण त्याच्या तोंडावर सुई झाकणारी एक टोपी होती. काही दिसायचं नाही, नुसतं दाबायचं आणि भिंतीकडे बघत दहापर्यंत मोजायचं. त्यानंतर ती पट्टीची वाट बघत बाथरूमच्या दाराबाहेर उभी होती, ओढणीचं टोक मुठीत धरून. आणि मैना बाहेर आली ती पट्टी झेंड्यासारखी उंच धरून. "बदामी!"

त्या पट्ट्यांवर आम्रपालीचा जीव होता. डबीवर रंगांच्या चौकटी छापलेल्या होत्या, त्यांना मायलेकींनी आपली नावं ठेवली होती. काहीच नाही तो बदामी. त्यानंतरचा कुल्फीचा गुलाबी. मग डाळिंबी. आणि शेवटचा, ज्याचं नावसुद्धा हळू आवाजात घ्यायचं, तो वांगी. वांगी आला की पप्पा मुंगी काढणार, हे मैनाला पाठ होतं. सुई हा शब्द या घरातून केव्हाच तडीपार झालेला. टोचायची ती मुंगी, रक्ताचा थेंब म्हणजे मुंगीचा लाडू. कॉलेजात ब्युरेटमधून थेंबथेंब सोडताना आम्रपाली ज्या विश्वासानं चंचुपात्राकडे बघायची, त्याच विश्वासानं ती पट्टीकडे बघायची. एक थेंब जास्त झाला की पाणी गुलाबी होणार, त्याला कुणाची भीड नाही, कुणाची दया नाही. रंगाला खोटं बोलता येत नाही, ही तिची श्रद्धा होती, आणि दुसऱ्या कशावर फारशी नसलेल्या माणसाची असते तितकी ती पक्की होती. तिनं पट्टी खिडकीशी नेली, उजेडात तिरकी धरली. बदामी. तिचे खांदे आपोआप खाली आले. "शहाणं माझं पिल्लू ते," म्हणत ती वाकली, मैनाचं तापलेलं कपाळ तिनं ओठांनी चाचपलं, आणि तेवढ्यात तो वास आला.

फार पिकलेल्या पेरूचा. टोपलीच्या तळाला राहून गेलेला, हात लावला तर बोट आत जाईल असा एखादा पेरू. आणि त्याच्या मागून आणखी एक, थंड, नाकाच्या वरच्या बाजूला लागणारा. हा वास कुठला, कुठला, असं करत तिचं मन हॉस्टेलच्या एका खोलीत जाऊन उभं राहिलं, जिथे रूममेट कापसाचा बोळा भिजवून नखांवरचा रंग पुसायची. अ‍ॅसिटोन. तोही कीटोनच. "पेरू खाल्लास?" आवाज तिला वाटला त्याहून कडक निघाला. मैनानं मान हलवली. "खरं सांग. समोरच्या शालूकाकूंनी दिला?" मैनाचे डोळे भरले, पण ते पेरूसाठी नव्हते, एवढं आम्रपालीला कळलं. घरात पेरू नव्हता. नखांचा रंग पुसायची बाटलीही नव्हती. होतं ते फक्त एक सहा वर्षांचं तोंड, कोरडे ओठ, आणि त्यातून येणारा हा वास. आणि तिच्या हातात एक पट्टी होती, जी म्हणत होती की काहीच नाही.

ती बाथरूममध्ये गेली. का गेली ते तिला सांगता आलं नसतं. प्रॅक्टिकलला उत्तर चुकलं की माणूस आधी भांडी बघतो, तशी गेली. मैना लघवीला बसायची तो निळा पेला खिडकीच्या कठड्यावर पालथा होता, सकाळी तिनंच धुऊन ठेवला होता तसाच, आतून ठणठणीत कोरडा. फरशी कोरडी. फक्त नळाखालच्या मगात चार बोटं पाणी होतं, आणि मगाच्या काठावर पट्टीच्या टोकानं ठेवलेला एक बारीक ओला ठिपका. ती मगाकडे बघत राहिली. पाण्याला काय रंग येणार. पाणी बदामीच सांगणार.

"मैने." ती दारातच उकिडवी बसली. "सूला आली नाही का?" मैनानं पायाच्या अंगठ्यानं फरशीची रेघ घासली. "आलीच नाही जास्त." "मग तसं सांगायचं ना बाळा. पाण्यात कशाला बुडवायची?" यावर मैना जे म्हणाली ते ती इतक्या समजुतीच्या सुरात म्हणाली, जसं एखादं मोठं माणूस हट्टी पोराला सांगतं. "वांगी आलं की पप्पा मुंगी काढतो. मुंगी काढली की तू पडतेस. आज पप्पा पण नाहीये. तुला कोण उचलणार?"

आम्रपालीचा हात भुवईकडे गेला. तिथे टाक्यांची खूण होती, उन्हाळ्यातली. त्या दिवशी पट्टी वांगी आली होती. समाधाननं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, पोरीला मांडीवर घेऊन बोट धरलं होतं, आणि आम्रपाली स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मुद्दाम बघत होती, कारण चैताली मॅडमनी सांगितलं होतं की बघायची सवय करा. तिला टिच्च असा आवाज ऐकू आला, मग बोटाच्या टोकाला एक लाल मणी फुगताना दिसला, मग कानांच्या मागून गारठा वर चढला आणि चौकट तिच्याकडे चालत आली. पुढचं तिला सगळ्यांनी सांगितलं म्हणून माहीत. शालूवहिनी कांदा घेऊन धावल्या, वरच्या मजल्यावरच्या बायका आल्या, कुणी वारा घातला, कुणी हळद लावली, समाधाननं एका हातात तिचं डोकं धरलं आणि दुसऱ्या हातानं रिक्षावाल्याला फोन केला. हे सगळं ती कित्येकदा हसत हसत सांगायची, माहेरी, व्हॉट्सअ‍ॅपवर, मैनासमोरसुद्धा. त्या गर्दीत मैना कुठे होती, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. आता तिला ती दिसली. खाटेवर, तसंच बोट पुढे करून बसलेली, टोकावरचा थेंब ओघळून तळहातात आलेला, आणि समोर आई जमिनीवर. सहा वर्षांच्या माणसानं त्यातून जे अनुमान काढायचं ते बरोबर काढलं होतं. मॅडम म्हणाल्या होत्या ते हुशार हेच की काय, असं काहीतरी तिच्या मनात येऊन गेलं, पण त्यावर थांबायला वेळ नव्हता. या आधी किती बदामी पाण्याचे होते, हेही तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर मैनानं तिच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर दिलं असतं.

समाधानचा फोन लागणार नाही हे माहीत असूनही तिनं लावला. कारखान्यात फोन आत नेता येत नाही. गेटवरच्या खणात ठेवावा लागतो, बंद करून. त्या खणात त्याचा फोन शेकडो बंद फोनांमध्ये झोपलेला तिच्या डोळ्यांसमोर आला. तिनं समोरचं दार वाजवलं. शालूवहिनी हातात वाटाण्याच्या शेंगा घेऊनच बाहेर आल्या. आम्रपालीनं दोन वाक्यांत सांगितलं. "अगं बाई गं," वहिनी म्हणाल्या, "बोटाला टोचायचं? मी? मला कोंबडी कापताना बघवत नाही. खाते मात्र दोन वेळा. तू मला गेटवर पाठव, मी जाते, साहेबाच्या डोक्यावर बसून निरोप आत पोचवते, पण ते तुझं टोचाटोची नको सांगूस." आणि शेंगांची परात दारातच ठेवून, चप्पल शोधत, त्या निघाल्यासुद्धा, जिन्यातून त्यांचा आवाज आला, "पोरीला पाणी पाज! आणि तू बसून घे आधी!"

मग तिनं क्लिनिकला फोन लावला. चैताली मॅडमनीच उचलला. साखर किती, ताप किती, उलटी झाली का, हे सगळं त्यांनी भाजीवाल्याशी बोलावं तसं विचारून घेतलं. उलटी नव्हती, मळमळतंय असं सकाळी म्हणाली होती. "कीटोन?"

"पट्टी बदामी आली. म्हणजे, तसं नाही मॅडम. ती पट्टी खरी नाहीये. पाण्यात बुडवलेली होती."

"कुणी बुडवली?"

"मैनानं."

आम्रपाली टोमण्यासाठी तयार होऊन उभी राहिली. तो आला असता तर तिला बरंच वाटलं असतं. "बरं," मॅडम म्हणाल्या, आणि आवाज जरा खाली आला. "रक्तातलं बघा मग."

"यंत्र कपाटात आहे. पण समाधान ड्यूटीवर आहेत. ते संध्याकाळी आले की लगेच..."

"आम्रपाली, ताप कपाटाला आलाय का?"

"नाही."

"मग ते उघडा. डॉक्टर माझ्या शेजारीच आहेत, तुमचा आकडा आला की पुढचं सांगतो. आणि फोन ठेवा आता, तुम्हाला दोन्ही हात लागतील."

दोन्ही हात. ते शब्द तिच्या तळहातांत जाऊन बसले. कपाटाच्या वरच्या कप्प्यातून तिनं ती काळी पिशवी काढली, समाधाननं नीट चेन लावून ठेवलेली, आणि तिचे तळहात तेवढ्यात गुलटेकडीच्या एका खोलीत जाऊन पोचले होते. तिची आई मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांसाठी बारदानाच्या पिशव्या शिवायची. पायाचं मशीन, जाड सुई, हवेत सतत तागाचा भुगा. आम्रपाली अभ्यास करायची ती त्या मशीनच्या खडखडाटातच, इतकी की मशीन थांबलं की तिचं गणित चुकायचं. एका दुपारी ते मधेच थांबलं. तिनं वर बघितलं तर आई हलत नव्हती. सुई तिच्या डाव्या हाताच्या बोटातून, नखातून आरपार गेली होती आणि बोट मशीनला शिवलं गेल्यासारखं दिसत होतं. आई ओरडली नाही. तिनं ओठ एकदा आत ओढून घेतले आणि रोजच्याच आवाजात म्हणाली, "आमू, इकडे ये. चाक तुझ्याकडे फिरव. सावकाश." चाक उजव्या बाजूला, वर होतं, आमूला त्यासाठी टाचा उंचवाव्या लागल्या. तिनं दोन्ही हातांनी ते धरलं आणि फिरवलं. आणि त्या गार लोखंडातून तिला ते जाणवलं. सुई वर येताना कुठेतरी आत अडकली, किंचित कुरकुरली, आणि मग सुटली. आईच्या बोटातलं ते तिच्या तळहातात आलं. "झालं," आई म्हणाली, बोट तोंडात घालत. "आता चहा टाक." आमूनं चहा टाकला आणि स्टोव्हपाशीच ती आयुष्यात पहिल्यांदा बेशुद्ध पडली. पुढे शाळेत लस टोचायला आले की ती पडायची, रक्तगट तपासताना पडली, बाळंतपणात सलाइन लावताना पडता येत नव्हतं म्हणून डोळे मिटून रडली. लोक म्हणायचे, हिला रक्त बघवत नाही. तिलाही तसंच वाटायचं. पण आता पिशवीची चेन ओढताना तिच्या लक्षात आलं की बघण्याचा प्रश्न कधी नव्हताच. दुसऱ्याच्या शरीरात जे घडतं ते आपल्या हाताला कळतं, याचा होता. आणि तरीही त्या दिवशी चाक तिनं फिरवलं होतं. ते कुणी कधी बोललंच नाही; पडली, एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं, तिच्यासकट.

ती जमिनीवर बसली. जमिनीवर बसलेलं माणूस पडून पडून किती पडणार. पाठीला भिंत घेतली, पाय पसरले, आणि मैनाला पायांच्या मध्ये, आपल्याकडे पाठ करून बसवलं, वेणी घालताना बसवते तसं. साबणानं धुतलेला तिचा हात कोमट होता, पाण्यानं बोटांच्या टोकांना सुरकुत्या आल्या होत्या. मैनाचं डोकं तिच्या हनुवटीखाली आलं आणि तो पेरूचा वास पुन्हा आला. "आई, तू बघू नकोस," मैना म्हणाली. "मी सांगते. पप्पा मध्ये नाही टोचत, बाजूला टोचतो. मध्ये दुखतं." "बाजूला म्हणजे कुठे?" "इथे. नखाच्या बाजूला. हे बोट नको, हे लिहायचं आहे. हे घे." करंगळीशेजारचं बोट पुढे आलं. आम्रपालीनं ते धरलं. टोचायचं यंत्र वेगळं, लहानसं, पेनासारखं, तोंडावर टोपी. आतली सुई दिसत नाही, फक्त एक भोक असतं, आणि बटण. "मैने, ऐक," ती म्हणाली, आणि काय सांगायचं ते तिला बोलेपर्यंत माहीत नव्हतं. "ही मुंगी नाहीये. ही सुई आहे." मैनानं बोट मागे घेतलं नाही. "मला माहितीये," ती म्हणाली. "मुंगीला टोपी नसते." आणि आम्रपालीला हसू आलं, आणि त्या हसण्यातच तिचा अंगठा बटणावर दाबला गेला.

टिच्च. मैनानं श्वास आत घेतला, बास. थेंब आला पण मोहरीएवढाच, मोजायच्या यंत्रात बसवलेल्या पट्टीच्या टोकानं तो अर्धाच प्याला आणि पडद्यावर आकड्याऐवजी एक चूक झाल्याची खूण उमटली. कानांमागून गारठा चढायला लागला, ओळखीचा, जुन्या पाहुण्यासारखा. "दाब ना," मैना म्हणाली. "मागून पुढे. पप्पा असं दूध काढल्यासारखं करतो." दूध काढल्यासारखं. हे बोट तिनं पहिल्यांदा पाहिलं होतं तेव्हा ते तिच्या छातीवर उघडमिट करत होतं, कागदासारखं नख, काही धरायला शोधत. तिनं नवं पाकीट दातांनी फाडलं, दुसरी पट्टी यंत्रात घातली, बोटाच्या मुळापासून टोकाकडे आपला अंगठा सावकाश ओढत आणला, आणि बघत राहिली. भिंतीकडे नाही, तिकडेच. त्वचेखालून काहीतरी हललं, बोटाचा शेंडा लाल झाला आणि बाजूच्या त्या बारीक छिद्रातून थेंब वर आला, गोल, उभा, खिडकीचा चौकोन आपल्यावर घेऊन. तो तिच्या तळहाताला कळला. कळू दे, असं ती स्वतःशी म्हणाली. कळायलाच हवं, कुणाला तरी. पट्टीनं थेंब ओढून घेतला. यंत्र मोजायला लागलं आणि तोवर मैनानं मान मागे टाकून, उलट्या चेहऱ्यानं, तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. आम्रपालीनं तो लपवला नाही. "मला भीती वाटतेय," ती म्हणाली. "पण मी बसलेय. मी पडणार नाही." "आणि पडलीस तर?" "तर तुझ्यावरच पडेन. गादी आहेसच तू." मैना खुदकन हसली.

एक पॉइंट नऊ.

या आकड्याला रंग नव्हता; पॉइंट सहाच्या आत हवा, एवढं तिला पाठ होतं. तिनं फोन लावला, आकडा सांगितला, आणि आपला आवाज आईच्या त्या रोजच्या आवाजासारखा निघतोय हे तिला दुरून ऐकू आल्यासारखं ऐकू आलं. मॅडमनी डॉक्टरांना विचारून डोस सांगितला, तो तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतला. घोटघोट पाणी, दर थोड्या वेळानं. नुसतं झोपून नाही राहू द्यायचं, जागं करून पाजायचं. उलटी झाली, श्वास जोरजोरात चालायला लागला, पोर गुंगीत वाटली, तर फोनसुद्धा न करता सरळ हॉस्पिटल. दोन तासांनी पुन्हा बोट. "तुम्हीच घ्या," मॅडम म्हणाल्या, आणि मग, "वेळेत कळलंय. मघाच्या पट्टीवर बसला असतात तर संध्याकाळी मी तुम्हाला आयसीयूच्या बाहेर भेटले असते." यात टोमणा कुठे आहे ते आम्रपाली शोधत राहिली. नव्हताच.

मग नुसतं पाणी. चमच्यानं, मग वाटीनं, मग मैनाच्या आवडत्या झाकणाच्या बाटलीतून. "अजून एक घोट. हा पप्पाचा." "पप्पाचा झाला मघाशी." "मग हा शालूकाकूंचा. त्या एवढ्या गेटपर्यंत धावल्या." शालूवहिनींचा फोन येऊन गेला होता, निरोप आत पोचलाय, साहेब आधी ऐकेना, मग ऐकला, समाधान सुटका झाली की निघतोय. बाण हळूहळू आडवा झाला, मग त्यानं मान खाली घातली. मधेच मैनाला सू आली, आम्रपाली आत गेली, दोघींनी मिळून पट्टी बुडवली. ती डाळिंबी आली, आणि मैनानं ती बघून आईकडे बघितलं. "डाळिंबी," आम्रपाली म्हणाली. "खरी डाळिंबी. शाब्बास." दुसऱ्यांदा बोट घ्यायची वेळ आली तेव्हा मैना पेंगुळलेली होती, डोळे न उघडता तिनं हात पुढे केला, दुसरं बोट. या वेळी थेंब पहिल्या फटक्यात आला. एक पॉइंट एक. "उतरतंय," मॅडम म्हणाल्या. "आता तासभर झोपू दे तिला. तुम्ही लक्ष ठेवा."

तुम्ही लक्ष ठेवा. हे तिला सांगायची गरज नव्हती. गेले कित्येक महिने तिनं दुसरं काही केलंच नव्हतं. पण मैना खाटेवर झोपली, तिचा हात आम्रपालीच्या हातातून सैल पडला, आणि त्याबरोबर इतका वेळ थांबवून धरलेला तो गारठा एकदम सगळीकडून चढला. कानांमागे, ओठांवर, गुडघ्यांत. खोलीच्या कडा पांढुरक्या झाल्या. तिला माहीत होतं काय करायचं. तिनं खाटेचा कठडा धरून स्वतःला खाली सोडलं, फरशीवर उताणी पडली, आणि दोन्ही पाय भिंतीला लावून वर केले. पाठीला फरशी गार लागली, बरी लागली. ती पडली नव्हती. आडवी झाली होती, आपणहून, यात फरक आहे आणि तो समाधानला सांगायचा, असं तिनं ठरवलं. बाहेर कुणीतरी दोरीवरचे कपडे काढत होतं, चिमटे डब्यात पडल्याचा आवाज येत होता. खालून तिला खाटेच्या पट्ट्या दिसत होत्या, गादीचा निळा अभ्रा, आणि कडेवरून लोंबणारा मैनाच्या फ्रॉकचा कोपरा. मैना दिसत नव्हती. तिनं मान वर करून बघितलं तर खोली गोल फिरली. तिनं डोकं पुन्हा टेकवलं. श्वास ऐकायचा प्रयत्न केला, पण तिच्याच छातीचा आवाज एवढा मोठा होता की दुसरा कुठलाच ऐकू येईना.

समाधानला यायला अजून थोडा वेळ आहे. शालूवहिनी वाटेत असतील. घरात दुसरं कुणी नाही. तुम्ही मात्र आहात. इतका वेळ दारात उभं राहून सगळं बघताय. तेव्हा ती आता तुम्हालाच विचारतेय, फरशीवरून, पाय भिंतीला लावलेले असताना, जरा संकोचून.

"अहो, जरा आत येता? चप्पल असू द्या. मला इथून तिचा चेहरा दिसत नाहीये, उठले तर चक्कर येईल. तेवढं वाकून बघा ना तिच्याकडे. चादर लाथाडली असेल तर ओढू नका, तिला आवडत नाही, जागी होईल. फक्त श्वास बघा. सावकाश चालतोय का, की धापा टाकल्यासारखा? छाती वरखाली होतेय ना? बघा, आणि मला सांगा. माझ्या तोंडाकडे बघून नका सांगू. जे दिसेल ते सांगा."